खिडकीतले बिऱ्हाड : एका संगणकाच्या पोटातला दुसरा संगणक

१/
दोनशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र आजही वाचता येते. २००३ साली संगणकावर जुळवलेले मराठी पुस्तक मात्र उघडत नाही. हे विधान अतिशयोक्त वाटेल, पण छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात एका दुपारी ते अक्षरशः खरे ठरण्याच्या बेतात होते. ते ठरले नाही, कारण एका जुन्या प्रणालीला नव्या संगणकाच्या पोटात बिऱ्हाड थाटून दिलेले होते. त्या बिऱ्हाडाची ही कथा आणि तिच्यामागचा साठ वर्षांचा इतिहास. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
औरंगपुरा हा जुन्या शहराच्या अनेक पुऱ्यांपैकी एक. गुलमंडी आणि पैठण गेट जवळच. पुस्तकांची दुकाने, वह्या-पेनांची गर्दी, भाजी मंडई आणि सरस्वती भुवनच्या विद्यार्थ्यांची वर्दळ ही त्याची आजची ओळख. जेथे पुस्तके विकली जातात, तेथे आसपास ती जुळवणारेही असतात. शिशाच्या खिळ्यांची जुळणी मागे पडल्यावर १९९० च्या दशकात गावोगावी डीटीपीची लहान दुकाने उभी राहिली. एक संगणक, एक लेझर प्रिंटर आणि मराठी फाँटचा संच एवढ्या भांडवलावर लग्नपत्रिका, प्रबंध, स्मरणिका आणि कवितासंग्रह तेथे तयार होऊ लागले.

३/
अशाच एका दुकानात त्या दुपारी इतिहासाची एक विद्यार्थिनी आली. तिच्याजवळ एक सीडी होती. तिचे आजोबा पैठण तालुक्यातले निवृत्त शिक्षक. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आसपासच्या गावांतल्या माणसांकडे जाऊन त्यांनी त्यांच्या हकिकती उतरवून घेतल्या होत्या. २००३ मध्ये त्याचे पुस्तक याच दुकानात जुळवून झाले. छपाईचे पैसे मात्र उभे राहिले नाहीत. हस्तलिखिताला पुढे वाळवी लागली. आजोबा गेले. हकिकती सांगणारेही एकेक करून गेले. उरली ती सीडी.

४/
घरी तिने प्रयत्न करून पाहिले होते. तिच्या लॅपटॉपला सीडीचा खणच नव्हता, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह उसना आणला. सीडीवर फाइली दिसल्या. त्यांच्या नावापुढे ‘पी६५’ असे शेपूट होते. त्या उघडणारा एकही प्रोग्रॅम लॅपटॉपवर नव्हता. एका मित्राने फाइलीतला मजकूर कसाबसा बाहेर काढून दिला, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे आणि फुल्या यांची रांगोळी उमटली. मराठीचा एक शब्दही त्यात नव्हता.

५/
असे का व्हावे? ‘पी६५’ हे पेजमेकर ६.५ या आवृत्तीच्या फाइलींचे चिन्ह. पेजमेकर १९८५ साली आल्डस कंपनीने आणला, १९९४ मध्ये तो अडोबीकडे गेला आणि २००१ ची ७.० ही त्याची अखेरची मोठी आवृत्ती ठरली. त्याला देवनागरी येत नव्हती. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या संचांनी त्यावर एक युक्ती योजली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले फाँट त्यांनी दिले. काना एका जागी, अर्धा ‘स’ दुसऱ्या, रफार तिसऱ्या. संगणकाच्या लेखी तो रोमन मजकूरच असे. मराठी फक्त डोळ्यांना दिसत असे.

६/
यात भर अशी की प्रत्येक संचाची तुकड्यांची वाटणी निराळी. एकाचा काना दुसऱ्याचा उकार होई. फाँट हरवला की मजकुराची किल्लीच हरवली. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, आणि भारताने आयएससीआयआय हे आपले मानकही त्याच वर्षी ठरवले होते. पण ज्यांना त्या आठवड्यात पुस्तक छापून हवे होते, त्यांच्या पेजमेकरला यातले काहीच समजत नव्हते. तेव्हा तुकड्यांच्या फाँटवर काम करणे हा त्या काळाचा व्यवहारी निर्णय होता. त्याला चूक म्हणणे अन्यायाचे होईल.

७/
याउलट पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाचे उदाहरण घ्यावे. डॉसच्या काळात हे कार्ड संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी दिसे, आणि मजकूर आयएससीआयआय मानकानुसार साठवला जाई. ते कार्ड आज कोणाजवळ नसले तरी त्या फाइली युनिकोडमध्ये आणणे तुलनेने सोपे आहे, कारण ‘क’ साठी कोणता अंक हे उघडपणे लिहून ठेवलेले आहे. मानकाने लिहिलेला मजकूर यंत्रावाचून जगू शकतो. तुकड्यांनी लिहिलेल्या मजकुराला मात्र त्याचे जुने यंत्र लागते, किंवा यंत्राचा हुबेहूब भास तरी लागतो.

८/
दुकानातल्या गृहस्थांनी सीडी उलटसुलट करून पाहिली आणि नाव वाचताच ते म्हणाले, “गुरुजींची आहे ही. प्रुफं तपासायला स्वतः यायचे, बसने.” मग त्यांनी आपल्या नव्या संगणकावर एक चौकोन उघडला. त्यात आधी काळा पडदा, मग विंडोज एक्सपीचे बोधचिन्ह आणि शेवटी हिरव्या टेकडीचे ते सर्वपरिचित चित्र आले.
“काका, हे एक्सपी कसं? संगणक तर नवा दिसतोय.”
“संगणक नवाच आहे, ताई. एक्सपी त्याच्या आत राहायला आलंय. जुना सीपीयू जळाला, तेव्हापासून.”

९/
‘राहायला आलंय’ हा शब्दप्रयोग नेमका आहे. जुन्या वाड्यातले बिऱ्हाड आठवावे. दोन खोल्यांतल्या बिऱ्हाडकरूची चूल वेगळी, देव्हारा वेगळा, हिशेब वेगळा; आपल्या दोन खोल्यांत तो स्वतंत्र गृहस्थ असतो. पण दिंडीदरवाजा, आड आणि छप्पर मालकाचे. बिऱ्हाडात पाणी येते ते मालकाच्या आडातूनच. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकातले असे बिऱ्हाड. मालक तो यजमान, म्हणजे नवी प्रणाली. बिऱ्हाडकरू तो पाहुणा, म्हणजे एक्सपी.

१०/
येथे एक अडचण आहे, आणि ती समजली की पुढचा सारा इतिहास उलगडतो. ऑपरेटिंग सिस्टिम हा इतरांसारखा साधा प्रोग्रॅम नव्हे. स्मृती कोणाला किती, डिस्कवर कोणी लिहायचे, प्रोसेसरवर कोणाची पाळी हे सारे तीच ठरवते. त्यासाठी प्रोसेसरमध्ये काही विशेषाधिकाराच्या आज्ञा असतात आणि त्या देण्याचा हक्क एकाच सत्तेला असतो. मग दोन सत्ता एका यंत्रावर कशा नांदणार? पाहुणी प्रणाली तर स्वतःला सार्वभौमच समजते. आपण कोणाच्या घरात आहोत याची तिला कल्पनाही नसते.

११/
या प्रश्नाची सुरुवात औरंगपुऱ्यातल्यासारख्याच गरजेतून झाली, हे लक्षणीय आहे. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० ही नवी संगणकमालिका जाहीर केली. तिची रचना आधीच्या यंत्रांहून वेगळी होती. पण १४०१ या जुन्या लोकप्रिय यंत्रासाठी लिहिलेले हिशेबाचे आणि पगारपत्रकांचे प्रोग्रॅम टाकून द्यायला ग्राहक तयार नव्हते. म्हणून मालिकेतल्या काही यंत्रांत १४०१ ची नक्कल करण्याची सोय ठेवावी लागली. नव्या यंत्राने जुन्याचे सोंग घेतले आणि जुनी कामे चालू राहिली.

१२/
त्याच सुमारास अमेरिकेतल्या केंब्रिज येथील आयबीएमच्या केंद्रात सीपी-४० नावाचा प्रयोग सुरू झाला. १९६७ मध्ये तो वापरात आला. त्यात एकाच संगणकाचे अनेक भास निर्माण केले जात. प्रत्येक वापरकर्त्याला आपल्याजवळ एक संपूर्ण सिस्टिम/३६० आहे असे वाटे, आणि त्या भासावर तो आपली स्वतंत्र प्रणाली चालवी. पुढे सीपी-६७ आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० अशी ही परंपरा वाढत गेली. ‘व्हर्च्युअल मशीन’ ही कल्पना आजच्या क्लाउडच्या कितीतरी आधीची आहे.

१३/
१९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोन संशोधकांनी अशा भासासाठी यंत्राने कोणती अट पाळावी हे सूत्ररूपाने मांडले. सार असे: यंत्राच्या मूळ सत्तेला स्पर्श करणारी प्रत्येक आज्ञा विशेषाधिकाराची असावी. म्हणजे पाहुण्याने ती उच्चारताच प्रोसेसर थबकेल आणि सूत्रे यजमानाकडे जातील. यजमान पाहुण्याच्या समाधानापुरते उत्तर तयार करून त्याच्या हाती ठेवेल. बिऱ्हाडकरूने आडाचा रहाट ओढला की मालकाला वर्दी मिळावी, आणि पाणी मालकाने मोजून द्यावे, असा हा करार होय.

१४/
घराघरांत पोहोचलेल्या इंटेलच्या प्रोसेसरने हा करार पाळला नव्हता. पेंटियमवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १७ आज्ञा दाखवून दिल्या आहेत, ज्या मूळ सत्तेला स्पर्श करतात पण यजमानाला वर्दी देत नाहीत. त्यांपैकी काही तर अधिकार नसताना नुसत्याच निष्फळ होतात. पाहुण्याला वाटते काम झाले, प्रत्यक्षात काहीच झालेले नसते. या कारणाने साध्या पीसीवर एका प्रणालीत दुसरी प्रणाली वेगाने चालवणे अवघड मानले जाई.

१५/
ही कोंडी फोडली ती स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून निघालेल्या व्हीएमवेअर कंपनीने. १९९९ मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या उत्पादनाने पाहुण्याच्या गाभ्यातल्या आज्ञा चालता चालता वाचून अडचणीच्या आज्ञांच्या जागी निरुपद्रवी आज्ञा बसवण्याची पद्धत अवलंबली. एक दुभाषी सतत शेजारी बसवल्यासारखे हे काम. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय केली. २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स मुक्त स्वरूपात उपलब्ध झाले, आणि औरंगपुऱ्यातल्या दुकानदाराला पैसे न मोजता बिऱ्हाड थाटता येऊ लागले.

१६/
याहून वेगळी एक वाट आहे. तीत यंत्राचा भास उभा करावाच लागत नाही. प्रणालीच साध्या प्रोग्रॅमचा वेश घेते. बेल लॅब्जची १९९० च्या दशकातली इन्फर्नो ही प्रणाली तशी आहे. ती यंत्रावर एकटी चालते, तशीच विंडोज किंवा लिनक्सवर एखाद्या प्रोग्रॅमसारखीही चालते. १९९९ मध्ये जेफ डाइक यांनी ‘यूझर मोड लिनक्स’ पुढे आणले. त्यात लिनक्सचा गाभाच दुसऱ्या लिनक्सवर साधा प्रोग्रॅम म्हणून धावतो. डिस्क हवी असली तरी तो यंत्राकडे जात नाही, यजमानाकडे रीतसर मागणी करतो. हा पाहुणा आपण पाहुणे आहोत हे जाणतो.

१७/
महाराष्ट्रातल्या संगणक शिकलेल्या पुष्कळ तरुणांनी ही युक्ती नकळत वापरली आहे. ६४ बिटांचे विंडोज जुने १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवत नाही. टर्बो सी मात्र डॉसच्या काळातले, आणि प्रयोगशाळांतून ते हटले नव्हते. मग डॉसबॉक्स आले. २००२ पासून उपलब्ध असलेला हा प्रोग्रॅम जुन्या संगणकाची आणि डॉसची नक्कल स्वतःच्या पोटात करतो. निळ्या पडद्यावर पहिला प्रोग्रॅम लिहिणारा विद्यार्थी प्रत्यक्षात पाहुण्याच्या घरात बसून लिहीत होता.

१८/
इतिहासाच्या वाचकाला ‘सत्तेच्या आत सत्ता’ ही रचना नवी नाही. हे शहर ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याचे स्वतःचे नाणे, टपाल आणि रेल्वे होती. प्रजेला दिसे ते निजामाचे राज्य. पण परराष्ट्रव्यवहार आणि सार्वभौमत्वाचा अखेरचा शब्द इंग्रजांचा होता, आणि रेसिडेंट ती आठवण देत असे. शिवाय औरंगाबादच्या छावणीतल्या हैदराबाद कंटिन्जंटचा खर्च निजामाच्या माथी आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. त्या खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभारच इंग्रजांकडे गेला.

१९/
साम्य येथेच थांबते. संस्थान आपल्या मर्यादा जाणून होते. एक्सपीला त्यांचा पत्ता नसतो. इंग्रजांनी पाहुण्याच्या तिजोरीत हात घातला. संगणकातला यजमान पाहुण्याला आपली स्मृती आणि डिस्क वापरायला देतो. तरीही एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, आणि तीच येथे महत्त्वाची. राज्य संपले तरी त्याची कागदपत्रे उरतात, आणि ती वाचण्याची विद्या ज्यांच्यापाशी होती ती माणसे मात्र हळूहळू कमी होत जातात.

२०/
याचा प्रत्यय मराठवाड्याला २०२३ मध्ये आला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या दप्तरांतल्या मोडी आणि उर्दू नोंदी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. कागद होते, वाचणारे हवे होते. त्या नोंदींवर हजारो कुटुंबांचे आजचे प्रश्न अवलंबून होते. वाचण्याची विद्या सांभाळणे हे हौसेचे काम नाही, हे त्या वेळी सर्वांनाच दिसले. मोडी शिकवणारे वर्ग आजही चालतात. २००३ च्या फाइली वाचण्याचा वर्ग मात्र कोठेच नाही.

२१/
दुकानातल्या चौकोनात आता पेजमेकर उघडला होता. सीडीवरची फाइल यजमान आणि पाहुणा या दोघांना दिसणाऱ्या सामाईक फोल्डरमधून आत गेली. “फाँट सापडला पाहिजे, नाहीतर सगळं व्यर्थ,” असे म्हणत गृहस्थांनी जुनी यादी खाली सरकवली. तो सापडला. पान उघडले आणि त्या रोमन रांगोळीच्या जागी स्वच्छ मराठी उभी राहिली. पहिल्या पानावर अर्पणपत्रिका, दुसऱ्यावर हकिकती सांगणाऱ्यांची यादी. गावाचे नाव, माणसाचे नाव, भेटीची तारीख. मुलगी बराच वेळ ती यादीच वाचत राहिली.

२२/
दिसले म्हणजे सुटले असे नव्हे. पाहुण्याच्या खोलीत दिसणारे पान बाहेर कसे आणायचे? गृहस्थांनी दोन वाटा धरल्या. पहिली, छपाईची. प्रिंटरऐवजी पोस्टस्क्रिप्ट फाइलीवर छापून तिची पीडीएफ केली. फाँट तिच्यातच बांधला गेला. आता पान कोणत्याही संगणकावर जसेच्या तसे दिसेल. मात्र या पीडीएफच्या पोटात तुकड्यांचेच संकेत आहेत. तीत ‘पैठण’ हा शब्द शोधला तर सापडणार नाही. रूप टिकले, शब्द अद्याप बाहेर आले नव्हते.

२३/
दुसरी वाट युनिकोडची. तुकड्यांचे अक्षरांत रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण मराठी त्यांची परीक्षा घेते. तुकड्यांच्या फाँटमध्ये मजकूर दिसेल त्या क्रमाने टंकलेला असतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून आधी. रफार शेवटी डोक्यावर बसतो, म्हणून नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: वेलांटी अक्षरानंतर, रफाराचा ‘र्’ अक्षराआधी. क्रम उलटवताना जोडाक्षर लांब असले की प्रोग्रॅम चुकतो. ‘ऱ्हास’ आणि ‘वऱ्हाड’ यांतला ‘ऱ्’ तर हटकून दगा देतो.

२४/
चुका नेमक्या नावांत होतात, ही खरी पंचाईत. ‘आणि’ चुकला तर कोणीही दुरुस्त करील. आडगावच्या एखाद्या शेतकऱ्याचे आडनाव चुकले तर ते जाणणारा कोण उरला आहे? म्हणून पडद्याच्या डाव्या बाजूस पाहुण्याची खिडकी आणि उजव्या बाजूस नवा मजकूर ठेवून ती मुलगी ओळ न् ओळ पडताळू लागली. डावीकडे आजोबांनी तपासून मान्य केलेले प्रूफ, उजवीकडे यंत्राने केलेली नक्कल. पाठचिकित्सा म्हणतात ती हीच. फक्त एकमेव विश्वसनीय पोथी एका आभासी यंत्रात होती.

२५/
संध्याकाळी तिने विचारले, “काका, हे आतलं एक्सपी मला पेन ड्राइव्हवर देता येईल?”
“ते सगळं एकाच फाइलीत असतं, ताई, न्यायला सोपं. पण फाँटच्या संचाला कुलूप आहे. हे बघा.” संगणकामागे एक लहानसा डोंगल लावलेला होता. तो नसेल तर संच चालत नाही. यजमानाने तो पाहुण्याच्या हवाली केलेला असतो, म्हणून खिडकीतले मराठी दिसते. यंत्राचा भास करता येतो. हे कुलूप मात्र त्या दुकानापाशीच राहणार, आणि ते खराब झाले तर बदली मिळण्याची शाश्वती नाही.

२६/
बिऱ्हाडाच्या मर्यादा येथे कळतात. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. म्हणून गृहस्थ त्या खिडकीला इंटरनेट जोडत नाहीत. बिऱ्हाडाला बाहेरचा रस्ता बंद आहे. यजमानही अमर नाही: विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. यजमान बदलला की पाहुण्याला नव्या घरी हलवायचे, आणि ते काम कोणीतरी आठवणीने करायचे. मोडीचा कागद कपाटात पन्नास वर्षे दुर्लक्षित राहिला तरी बहुधा वाचतो. येथे दुर्लक्षाला तेवढी सवड नाही.

२७/
सध्या त्याच दुर्लक्षाचा काळ आहे. १९९० ते २०१० या काळातली स्थानिक इतिहासाची पुस्तके, संस्थांच्या स्मरणिका, प्रबंध आणि न छापलेली आत्मचरित्रे जुन्या डीटीपी दुकानांच्या डिस्कांवर पडून आहेत. दुकान बंद होते, संगणक भंगारात जातो, आणि त्याबरोबर फाइल, फाँट आणि ती उघडणारी प्रणाली तिन्ही जातात. उद्या मराठवाड्याच्या या दोन दशकांचा इतिहास लिहिणाऱ्याला निजामकालीन दप्तर मिळेल, आणि २००३ ची हकिकत मिळणार नाही, ही शक्यता दूरची नाही.

२८/
ज्यांच्या घरी किंवा ओळखीच्या दुकानात अशा फाइली असतील, त्यांनी एवढे करावे. सीडी आणि फ्लॉपीवरचा मजकूर आधी उतरवून घ्यावा, कारण त्या स्वतःच झिजत असतात. फाइलीसोबत तिचे फाँटही त्याच फोल्डरमध्ये ठेवावेत. कोणत्या प्रोग्रॅमच्या कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या फाँटसंचात जुळणी झाली, हे साध्या मजकुरात लिहून ठेवावे. जुळवणारी व्यक्ती हयात असेल तर तिला विचारावे. जुना संगणक चालू असेल तर भंगारात देण्यापूर्वी त्याच्या डिस्कची संपूर्ण प्रत घ्यावी. तीच पुढे पाहुणी म्हणून चालवता येते.

२९/
आणि मूळ फाइल कधीही टाकू नये. पीडीएफ झाली, युनिकोड झाले, आता जुनीचे काय काम, असे वाटते. पण रूपांतरातली चूक पाच वर्षांनी ध्यानात आली तर पडताळायला डावीकडची खिडकी लागतेच. मूळ पत्र जाळून त्याच्या नकलेवर भिस्त ठेवणारा संशोधक आपण पाहत नाही. फाइलींच्या बाबतीतही तोच नियम असावा.

३०/
त्या संध्याकाळपर्यंत १४ पाने पडताळून झाली. बाकीची राहिली होती. दुकान बंद करताना गृहस्थांनी एक्सपीची खिडकी नेहमीप्रमाणे बंद केली नाही. तिची त्या क्षणीची स्थिती त्यांनी जतन केली. पेजमेकरमध्ये पंधरावे पान उघडे होते तसेच. “उद्या आलात की इथूनच सुरू होईल,” ते म्हणाले. मुलीने सीडी पाकिटात घातली, पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेतली आणि दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवली. सकाळी अकराला, मंडईची गर्दी ओसरल्यावर.